आधी परदेशातलं शिक्षण की आधी पोस्ट? एका ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही धाराशिव जिल्ह्यात ग्राम महसूल अधिकारी आहात. वडील गेल्यावर धाकट्या भावाचं शिक्षण तुम्ही केलंत. तो २४ वर्षांचा, सिव्हिल इंजिनिअर. दोन वर्षं पुण्यात अभ्यासिकेत बसला, यूपीएससीची एक प्रिलिम थोडक्यात हुकली. आता लीड्स विद्यापीठात पाणी, स्वच्छता आणि आरोग्य अभियांत्रिकीच्या मास्टर्सला त्याला प्रवेश मिळालाय आणि राज्य सरकारच्या, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या निवड यादीत नावही आलंय. मामा म्हणतात, आधी पोस्ट काढ, मग सरकारच परदेशी पाठवतं. अभ्यासिकेतले मित्र म्हणतात, एकदा अभ्यासाची लिंक तुटली की संपलं. आई म्हणते, गेलेला पोरगा परत येत नाही. आणि तुम्ही विचारता, "मी त्याला जा म्हणू की थांब म्हणू?"

मी नांदेडला एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. गेली चौदा वर्षं शिष्यवृत्तीवर बाहेर जाणाऱ्या मुलामुलींचे अर्ज, एसओपी (का शिकायचंय ते सांगणारं निवेदन), शिफारसपत्रं आणि बंधपत्रं माझ्या टेबलावरून जातात. त्यातले काही आज सरकारी सेवेत आहेत, काही तिकडेच राहिले, दोघं-तिघं परत येऊन परीक्षेत अडकलेत. हे सगळे डोळ्यांसमोर ठेवून सांगते: तुम्ही लिहिलंय तशीच परिस्थिती असेल तर त्याला जा म्हणा. मात्र 'जा' म्हणण्याआधी त्याच्याशी एक बोलणं व्हायला हवं, आणि ते तुम्हीच करू शकता.

तुमच्या घरात चर्चा वर्ष वाया जाण्याची चाललीय. माझ्या मते मुद्दा हा आहे की तो कशासाठी निघालाय. प्रिलिम हुकल्यावर आलेलं ऑफर लेटर म्हणजे बुडत्याला मिळालेली दोरी वाटते. अभ्यासिकेतल्या त्या लाकडी कप्प्यातून आणि नातेवाइकांच्या 'काय झालं रे निकालाचं?' मधून सुटका होतेय, एवढंच कारण असेल तर तो लीड्सलाही त्याच कप्प्यात बसेल. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारते: तुझ्या तालुक्यातली अशी कोणती गोष्ट आहे, जी तुला आजवर उमगलेली नाही आणि जी उमगावी म्हणून तू चाललायस? बहुतेक जण पहिल्यांदा 'एक्स्पोजर' म्हणतात. मी त्यांना आठवडाभराने परत बोलावते. एका मुलीने मात्र तिथल्या तिथे सांगितलं होतं, "मॅडम, आमच्या गावात तीन पाणी योजना झाल्या. पाइप आहेत, टाकी आहे, मोटार आहे. पाणी नाही. का नाही, ते कुणीच सांगत नाही." तिचं शिफारसपत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं.

तुमचा भाऊ धाराशिवचा. टँकरच्या मागे हंडे घेऊन धावणं त्याला कुणी समजावून सांगायला नको. त्याला विचारा, जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट ठेवलंय, मग आपल्या गावातला नळ कुठे अडलाय असं तुला वाटतं? विहिरीत, वीजबिलात, पाणीपट्टीत की ठेकेदारात? त्याचं उत्तर चुकलं तरी हरकत नाही. उत्तर देताना त्याचा चेहरा खुलतो का, तेवढं बघा.

आता हिशेब, कारण बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचा भाऊ अनुसूचित जातीतला आहे, म्हणजे यूपीएससीला त्याला ३७ वर्षांपर्यंत बसता येतं आणि त्या वयापर्यंत अटेम्प्टना मर्यादा नाही. खुल्या प्रवर्गात ३२ वर्षं आणि ६ अटेम्प्ट, ओबीसीत ३५ वर्षं आणि ९ अटेम्प्ट. वय त्या वर्षीच्या १ ऑगस्टला मोजतात. शिवाय प्रिलिमच्या एका तरी पेपरला प्रत्यक्ष बसलं तरच अटेम्प्ट मोजला जातो. तो परदेशात असताना परीक्षाच दिली नाही तर काहीच खर्ची पडत नाही. राज्यसेवेत मागासवर्गीयांना वयाची मर्यादा ४३ आहे. हे त्याच्या मित्रांना माहीत असेलच, पण अभ्यासिकेत बसल्यावर प्रत्येक वर्ष शेवटचं वाटायला लागतं.

ब्रिटनमधली मास्टर्स एका वर्षाची. या सप्टेंबरात गेला तर पुढच्या सप्टेंबरात प्रबंध देऊन मोकळा. प्रिलिम साधारण मेअखेरीस असते, म्हणजे मधली एक प्रिलिम जाईल आणि परतल्यावर पुढच्या प्रिलिमला आठ महिने मिळतील. २६ व्या वर्षी तो पुन्हा परीक्षेला उभा असेल. ३७ ची मर्यादा असलेल्या मुलाला हे महाग नाही. पण हाच प्रश्न खुल्या प्रवर्गातल्या, चार अटेम्प्ट झालेल्या २९ वर्षांच्या मुलाने विचारला असता तर मी त्याला आधी परीक्षेचा सोक्षमोक्ष लावायला सांगितलं असतं. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाबाबतही मी वेगळा विचार केला असता.

पैशांच्या बाबतीत तर मी फारच कडक आहे. शिष्यवृत्ती पूर्ण असेल तरच जा. सेवेत जायचं ठरवलेल्या मुलाने कर्ज काढून परदेशी शिकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आकडाच बघा. ३५ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण ४७ हजार येतो. उपजिल्हाधिकाऱ्याचा काय किंवा आयएएसचा काय, सुरुवातीचा मूळ पगार ५६,१०० रुपये. भत्ते धरले तरी घरी आई, शिकणारी भावंडं, गळकं छत हे सगळं उरलेल्या पैशांत. इतका हप्ता डोक्यावर घेऊन खुर्चीत बसलेल्या माणसापुढे पहिलं पाकीट सरकवलं जातं तेव्हा त्याची कसोटी नको इतकी अवघड होते. माझ्या विद्यार्थ्याला मी जाणूनबुजून तिथे उभं करणार नाही.

आता मामांचं म्हणणं. ते खोटं नाही. सेवेतल्या अधिकाऱ्याला अध्ययन रजा असते. केंद्राच्या नियमांत साधारण पाच वर्षं सेवा झाल्यावर ती मागता येते आणि सगळ्या नोकरीत मिळून २४ महिन्यांपर्यंत मिळू शकते. परदेशी प्रशिक्षणाच्या योजनाही आहेत. अनुभव घेऊन गेलेला अधिकारी वर्गात जे प्रश्न विचारतो ते २४ वर्षांच्या मुलाला सुचणारही नाहीत, हे मी मनापासून मान्य करते. पण ताई, तुम्ही स्वतः महसूल खात्यात आहात. पीक पाहणी, पंचनामे, निवडणूक, अतिवृष्टीची यादी यांतून आठ दिवसांची अर्जित रजा काढायला काय करावं लागतं ते तुम्हाला मी काय सांगणार? प्रोबेशन, पहिली दोन पोस्टिंग, लग्न, मूल, मग आईचं दुखणं. माझ्या ओळखीच्या ज्या ज्या अधिकाऱ्यांनी 'नंतर जाईन' म्हटलं, त्यांतले फार थोडे गेले. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. मामांच्या सल्ल्यात पोस्ट नक्की मिळणार असं धरलेलं आहे. शिष्यवृत्ती आज त्याच्या हातात आहे. राज्यभरातून या योजनेत वर्षाला ७५ जणांची निवड होते. पुढच्या वर्षी नियम काय असतील आणि यादीत नाव येईल का, हे कुणी लिहून देणार नाही.

आपल्याकडे या वाटेने गेलेली माणसं आहेत, म्हणून थोडं मागे जाऊ. रायगडातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी होते. पुढे ते केंब्रिजला गेले, तिथे वनस्पतिशास्त्र शिकले, १९१८ मध्ये आयसीएसला, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या आयएएसला, पहिले आले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पण त्यांच्या काळी आयसीएसची परीक्षाच लंडनला होती. १९२२ पासून ती अलाहाबादलाही होऊ लागली. तोवर ज्याला विलायत परवडत नाही त्याला सेवेचं दारच बंद होतं. तुमच्या भावावर तशी सक्ती नाही, म्हणूनच त्याच्याकडे स्वतःचं कारण असायला हवं.

मला जास्त जवळचे वाटतात ते के. आर. नारायणन. केरळमधल्या उळवूरच्या अत्यंत गरीब दलित घरातला मुलगा, फी थकल्यावर वर्गाबाहेर उभा राहून धडे ऐकायचा. टाटांच्या शिष्यवृत्तीवर १९४५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेला, १९४८ मध्ये परतला, १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत रुजू झाला आणि १९९७ मध्ये राष्ट्रपती. आधी शिक्षण, मग सेवा, हा क्रम त्यांच्या बाबतीत तरी तोट्याचा ठरला नाही.

आणि बाबासाहेब. तुमच्या घरात त्यांचा फोटो असेलच, म्हणून मी प्रेरणेबद्दल काही बोलत नाही, व्यवहारातल्या दोन गोष्टी तेवढ्या सांगते. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानाने त्यांना महिना साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. त्या तीन वर्षांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि तत्त्वज्ञानाचे ५ अभ्यासक्रम केले. पदवीला एवढे लागत नव्हते. मिळालेल्या दिवसांतून जेवढं पिळून घेता येईल तेवढं त्यांनी घेतलं. आजची आपली मुलं आपल्या विषयाचे वर्ग करून खोलीवर परततात, तेव्हा मी त्यांना हे आकडे सांगते. भावाला म्हणा, पाण्याचा विषय तर शीकच, पण सार्वजनिक वित्ताच्या वर्गात प्राध्यापकांची परवानगी काढून मागच्या बाकावर बस. पाणी योजना अभियांत्रिकीत कमी आणि पैशांच्या हिशेबात जास्त फसतात.

दुसरी गोष्ट परतल्यावरची. कोलंबियानंतर लंडनला सुरू केलेला अभ्यास मुदत संपल्यामुळे अर्धवट टाकून बाबासाहेब १९१७ मध्ये करारानुसार बडोद्याला रुजू झाले. एवढं शिकून आलेल्या माणसाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत होते. नोकरी सोडावी लागली. लंडनचा अभ्यास पुरा करायला ते १९२० मध्ये पुन्हा गेले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीत साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत हाताशी होती. काळ बदललाय, पण एक भाग अजून खरा आहे. शिकून येणारा माणूस बदलून येतो, कचेरी तशीच असते. माझे परतलेले विद्यार्थी पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त याच गोष्टीने खचतात. त्याला आधीच सांगून ठेवा, तू परत येशील तेव्हा तुझी कुणी वाट बघत बसलेलं नसेल.

मग मिळतं काय? गुण मिळत नाहीत. परदेशी पदवीचे यूपीएससीत वेगळे गुण नाहीत. मुलाखतीत बोर्ड फार तर विचारेल, "तिकडे राहिला का नाहीत?" आणि त्या उत्तराने बरं-वाईट ठरेल. मिळतं ते असं, की जन्मात एकदा सरकारच्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, परक्या देशात, कुणाचीही ओळख नसताना उभं राहून बघता येतं.

माझा परभणीचा एक विद्यार्थी शेफील्डला नगररचना शिकत होता. ऑक्टोबरातल्या एका रात्री त्याने मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. रस्त्यावरचा दिव्याचा खांब, त्याला प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला, पावसाने भिजू नये म्हणून पाकिटात घातलेला एक कागद. मला वाटलं, चुकून पाठवला. मग त्याचा फोन आला. तिथल्या एका घरमालकाला मागच्या बाजूला एक खोली वाढवायची होती आणि नगरपालिकेने शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवलं होतं, कुणाची हरकत असेल तर २१ दिवसांत सांगा, कागदपत्रं इथे बघायला मिळतील. पोरगा हरखून गेला होता. "मॅडम, एका खोलीसाठी! आणि आमच्या ग्रामसभेची नोटीस ग्रामपंचायतीच्या कुलपाआडच्या फळ्यावर असते."

तो आज गटविकास अधिकारी आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या तालुक्यात एका लग्नाला गेले होते. गावात पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर, ज्वारी-गहू दळायच्या दराच्या पाटीखाली, ग्रामसभेची नोटीस चिकटवलेली होती. मोठ्या अक्षरांत, विषय एकेका ओळीत: घरकुल यादी, पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित-अबंधित निधी, स्मशानभूमीचा रस्ता. कोपऱ्यावर पिठाळलेल्या अंगठ्याचा ठसा. डबे घेऊन नंबर लावलेल्या बायका ती वाचत होत्या आणि एकीने दुसरीला विचारलं, "अबंधित म्हंजी काय गं?" रेशन दुकानात आणि एसटीच्या थांब्यावरही तशाच नोटिसा लावायला त्याने ग्रामसेवकांना सांगितलं होतं. त्यासाठी नवा जीआर लागला नाही, निधी लागला नाही. शेफील्डचा तो खांब त्याच्या डोक्यात होता, एवढंच.

तिकडचं सगळं चांगलं असतं असं मी म्हणत नाही, आणि भावालाही तसं वाटून येऊ देऊ नका. तिथल्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. मात्र किती लोक किती आठवडे थांबलेत हे दर महिन्याला आकड्यांत जाहीर होतं. पाण्याचंच घ्या. इंग्लंड-वेल्समध्ये १९८९ मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडे गेला, शेजारच्या स्कॉटलंडमध्ये तो सार्वजनिक मालकीतच राहिला. आज इंग्लंडमध्ये नद्यांत सोडल्या जाणाऱ्या मैलापाण्यावरून लोक चिडलेले आहेत. लीड्सला बसून या दोन्ही व्यवस्था आगगाडीने काही तासांच्या अंतरावर बघता येतात. उद्या एखाद्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या खासगीकरणाचा प्रस्ताव त्याच्या टेबलावर आला, तर सही करण्याआधी काय विचारायचं हे त्याला माहीत असेल. पुण्यातल्या क्लासच्या नोट्समध्ये हे एका परिच्छेदात येतं आणि परीक्षेनंतर विसरलं जातं.

मित्रांच्या 'लिंक तुटेल' याबद्दल दोन शब्द. लिंक तुटते, पण ज्ञानाची नाही, हाताची. तिकडे सगळं लेखन कीबोर्डवर. परत आल्यावर तीन तास सलग पेनाने लिहिताना बोटं वळतात, अक्षर ढासळतं. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे दोन्ही परीक्षांना हे लागू आहे. माझा नियम असा: दर रविवारी दोन उत्तरं हाताने लिहायची, त्यांतलं एक मराठीत, फोटो काढून मला पाठवायचा. ज्यांनी हे वर्षभर पाळलं त्यांना परतल्यावर त्रास झाला नाही. वर्तमानपत्र रोज वीस मिनिटं. याहून जास्त यूपीएससी त्या वर्षात करू नये, नाहीतर तो लीड्सला राहून सदाशिव पेठेतच असेल.

आता जायच्या तयारीचं. इथे मी जरा बारकाईने सांगते, कारण मुलं इथेच पडतात. मंजुरीपत्र हातात आलं की त्याची प्रत विद्यापीठाला पाठवून अनामत रक्कम माफ करण्याची विनंती करायची. सरकारी शिष्यवृत्ती असेल तर बरीच विद्यापीठं ऐकतात, आणि अनामत भरल्याशिवाय व्हिसासाठी लागणारं कॅस, म्हणजे विद्यापीठाचं प्रवेश-निश्चितीचं पत्र, अडकून राहतं. क्षयाची तपासणी व्हिसासाठी मान्यता असलेल्या केंद्रातच करावी लागते, गावातल्या डॉक्टरचं पत्र चालत नाही. जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांवरची नावाची स्पेलिंग पासपोर्टशी जुळवून बघा. तुम्ही महसुलात आहात, एका अक्षराने किती महिने जातात ते तुम्हाला माहीत आहे. बंधपत्र आणि जामीनदारांचे कागद सहीआधी दोघांनी बसून शब्दन्‌शब्द वाचा. अभ्यास अर्धवट सोडला तर वसुली कशी, परतण्याची अट काय, हे त्यात असतं.

या शिष्यवृत्तीत निर्वाह भत्ता ब्रिटनसाठी वर्षाला ९,९०० पौंड धरलेला आहे, म्हणजे महिन्याला ८२५. ब्रिटनच्याच व्हिसा नियमांत लंडनबाहेर राहायचा खर्च महिन्याला हजार पौंडांच्या वर धरतात. लीड्स लंडनपेक्षा स्वस्त आहे, तिघांत-चौघांत घर घेतलं आणि स्वयंपाक स्वतः केला तर निभतं, पण ओढाताण होते. पहिले तीन महिने पैसे उशिरा येतील असं धरूनच निघायचं. माझ्या एका विद्यार्थिनीचा पहिला हप्ता जानेवारी उलटून गेला तरी आला नव्हता. घरभाडं थकलं, आणि ती एका गोदामात रात्रपाळी करून सकाळी वर्गात झोपायची. शेवटी इथल्या आठ शिक्षकांनी वर्गणी काढली. हे कुणावरही येऊ नये. म्हणून अडीच-तीन लाख रुपये हातउसने का होईना, जमवून ठेवा आणि ते फक्त त्या तीन महिन्यांसाठी. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करायला परवानगी असते. त्याने आठ-दहा तासांवर जाऊ नये, आणि काम शक्यतो विद्यापीठाच्या आवारातलं बघावं.

प्रबंधाचा विषय जाण्याआधीच मनात ठेवायला सांगा, आणि तो इथलाच असू द्या. तुमच्या सजेतल्या दोन गावांच्या पाणी योजना, एक चालू, एक बंद. पाणीपट्टीची वसुली, वीजबिलाची थकबाकी, दुरुस्तीची नोंदवही हे कागद तो आत्ताच, निघण्याआधी, माहितीच्या अधिकारात रीतसर मागवू शकतो. तुमच्या ओळखीने मिळवू नका, अर्ज करूनच घ्या. तो अर्ज करणं हाही त्याच्या शिक्षणाचा भाग आहे.

ज्यांना ही शिष्यवृत्ती लागू नाही अशा वाचकांसाठी एवढंच: केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. तिच्यात २०२२ पासून भारतीय संस्कृती, इतिहास, समाज यांवरचे विषय चालत नाहीत, हे आधी बघा. मराठा समाजातल्या मुलांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची योजना आहे, तिला सयाजीराव महाराजांचंच नाव आहे. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. सेवेत जाऊ इच्छिणाऱ्यांना ती अट उलट सोयीचीच आहे. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या मित्राचं ऐकून अर्ज भरू नका, चालू जाहिरात वाचा.

राहता राहिल्या आई. त्यांची भीती पोकळ नाही. मास्टर्सनंतर ब्रिटनमध्ये दोन वर्षं राहून नोकरी करता येते. जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती मुदत दीड वर्ष असेल. पहिला पगार पौंडांत हातात आला की 'अजून सहा महिने' सुरू होतं, मी पाहिलंय. जे तिकडे राहिले त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, त्यांच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. पण तुमच्या भावाला खरंच सेवेत यायचं असेल तर परतीची तारीख निघण्याआधी ठरवा. प्रबंध दिल्यापासून तीन आठवडे. त्या दिवसाचं तिकीट आत्ताच काढता आलं तर काढा, नाहीतर तारीख तरी कॅलेंडरवर लिहा.

आणि त्याने आईंना एकदा शेजारी बसवून, विद्यापीठाच्या पानावरचा नकाशा उघडून दाखवावा की मी या इमारतीत बसणार, या रस्त्याने खोलीवर जाणार, इथून भाजी घेणार. माझ्या पाणी योजनेवाल्या विद्यार्थिनीने हेच केलं होतं. तिची आई शाळेत गेलेली नाही. ती वर्षभर शेजारणींना सांगायची, "माझ्या पोरीच्या खोलीसमोर लाल विटांची चर्च हाय, तिथून डावीकडं वळलं की तिचं कॉलेज." पोरगी परत आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, त्या तीन योजनांचं काय निघालं?